पुण्यात भाड्याने मिळणारा ‘एशियन सेट’: गाण्याच्या व्हिडिओसाठी घ्यावा का?

पुण्यातल्या पेठांमधली ड्रेपरीची दुकानं नाटकांच्या कपडेपटावर, शाळांच्या गॅदरिंगवर आणि गणपतीतल्या जिवंत देखाव्यांवर वाढली. आता त्यांच्या काउंटरवर एक नवं गिऱ्हाईक असतं: स्वतःचं गाणं रेकॉर्ड करून त्याचा व्हिडिओ काढणारी मंडळी. पैसे मोजके, शूटिंग एका दिवसात उरकायचं, आणि मोबाइलमध्ये नमुना म्हणून साठवलेले परदेशी पॉप व्हिडिओ. त्यातला एखादा दाखवून ‘असंच काहीतरी एशियन द्या’ म्हटलं, की आतून एक पिशवी येते. त्या पिशवीचं आणि ती देणाऱ्या सेवेचं हे परीक्षण. दुकान सदाशिव पेठेतलं, जुनं. नाव देत नाही, कारण खाली सांगितलेले दोष या एकाच दुकानाचे नाहीत. पिशवी बहुतेक ठिकाणी अशीच निघते.

आधी जमेची बाजू, कारण पुढचं सगळं तिच्याशी ताडून बघायचं आहे. इथली नऊवारी अव्वल आहे. नुसतं ‘नऊवारी हवी’ म्हणून भागत नाही. ‘ताई, कुठली देऊ? ब्राह्मणी, पेशवाई, कोळी की लावणीची?’ हा पहिला प्रश्न. ‘नेसणार की शिवलेली?’ हा दुसरा. ‘नाचायचंय का त्यात?’ हा तिसरा. तिन्ही प्रश्नांना अर्थ आहे. कोळी नेसण गुडघ्यापाशी थांबतं, ब्राह्मणी नेसण घोट्यापर्यंत उतरतं आणि पुढे ओचा येतो. एकीच्या जागी दुसरी दिली तर गाण्यातली बाई कुठली, हेच बदलतं. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड, आणि नेसायच्या लुगड्यात ते सगळं एका गाठीवर आणि खोचांवर उभं असतं. नाचायचं असेल तर कासोटा खोचल्यावर पिन आडवी लावायची, उभी लावलेली पिन वाकल्यावर उघडते आणि पाठीत टोचते, हे नेसवणाऱ्या मावशी न विचारता सांगतात. नथ डाव्या नाकपुडीत, नाक टोचलेलं नसेल तर चापाची. नेसवायला माणूस हवा असेल तर वेगळे पैसे देऊन तोही मिळतो. बाहेरगावची, मराठी न जाणणारी गायिका आली तरी या हातांतून बाहेर पडताना तिची नऊवारी चुकलेली नसते.

आता त्याच काउंटरवर ‘जपानी’ मागा. प्रश्न एकच येतो: ‘साइज काय?’

पिशवीतून निघतो तो चकचकीत साटीनचा, म्हणजे पॉलिस्टरचा, लाल किंवा काळा झगा. बाह्या रुंद. गळ्याला उभी कॉलर आणि तिरकी लावलेली गाठीची बटणं, पण ती नुसती शोभेची. खरी चेन पाठीमागे. पाठीवर सोनेरी ड्रॅगन. कमरेला वेलक्रोचा पट्टा आणि त्यावर शिवलेली तयार फुलाची गाठ. दिसायला छान म्हणून बहुतेक जण ती गाठ पुढे घेतात. काळ्या टोपाच्या अंबाड्यात खुपसलेल्या दोन चॉपस्टिक. एक कागदी पंखा. कधी कधी वर शंकूच्या आकाराची टोपी.

यातल्या बाह्या जपानच्या किमोनोच्या. उभी कॉलर आणि गाठीची बटणं चीनच्या छीपाओची, म्हणजे १९२०-३०च्या दशकांत शांघायमध्ये रूप घेतलेल्या पोशाखाची. टोपी व्हिएतनाममध्ये शेतात आणि बाजारात रोज घातली जाते ती. मागची चेन यांपैकी कुठलीच नाही. आणि चॉपस्टिक ही जेवायची वस्तू आहे. जपानी केसांत माळतात ती कान्झाशी, लाकडाची, कासवाच्या पाठीची किंवा रेशमी फुलांची, तिचे आकार आणि ऋतू ठरलेले असतात. हे सगळं एका अंगावर चढवून खाली ‘जपान’ लिहिणं म्हणजे काष्ट्यावर फुलकारी ओढून, डोक्याला म्हैसुरी पेटा बांधून, कपाळावर चंद्रकोर रेखून ‘ही इंडियन बाई’ म्हणणं. ते बघून कसं वाटतं हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको, कारण आपल्यावर तसे व्हिडिओ निघालेले आहेत.

इगी अझेलिया या ऑस्ट्रेलियन रॅपरने २०१३ मध्ये ‘बाउन्स’चा व्हिडिओ मुंबईत केला, त्यात साडी, दागिने, हत्ती, सगळं आलं. २०१६ मध्ये कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या ‘हिम फॉर द वीकेंड’मध्ये साधू, होळीचे रंग, देवांचे वेश केलेली मुलं आली, आणि बियॉन्से हिंदी सिनेमाची नटी बनली. टीका झाली ती हीच, की एवढा मोठा देश पुन्हा रंग, साधू आणि जुन्या वस्त्या यांच्यात कोंबला. पुण्यातही तेव्हा यावर तावातावाने बोललं गेलं. त्याच पुण्यात जपानी म्हणून ड्रॅगनचा झगा निघतो तेव्हा मात्र कुणाला खटकत नाही, आणि माझा मुख्य आक्षेप इथेच आहे. आपल्या बाबतीत जी चूक आपण लांबून ओळखतो, तीच दुसऱ्याच्या बाबतीत आपण भाड्याने घेतो.

या पिशवीचे आईबाप शोधायचे तर पॉपच्या इतिहासात फार मागे जावं लागत नाही. २००४ मध्ये ग्वेन स्टेफानी या अमेरिकन गायिकेने चार मुली ‘हाराजुकू गर्ल्स’ म्हणून सोबत घेतल्या. हाराजुकू हा टोकियोतला तरुणांच्या फॅशनचा भाग. त्या मुली तिच्या मागे मूक उभ्या राहत, जणू तिच्या दागिन्यांपैकीच एक. २०१४ मध्ये कॅनडाच्या आव्रिल लविनच्या ‘हॅलो किटी’त तेच: एकसारखे कपडे, चेहऱ्यावर भाव नाहीत अशा चार जपानी नर्तकी आणि मध्ये गायिका. कपड्यांच्या दृष्टीने सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण केटी पेरी या अमेरिकन गायिकेचं. २०१३च्या अमेरिकन म्युझिक अवॉर्ड्सच्या मंचावर तिने गेइशाचा, म्हणजे जपानी कलावंतिणीचा, म्हणून जो पोशाख घातला, त्याला बाह्या किमोनोच्या होत्या, पण कॉलर आणि अंगाबरोबर बसणारी, बाजूला चिरलेली बेतणी छीपाओची. चार वर्षांनी तिने स्वतः ही चूक होती असं बोलून दाखवलं. आपल्या पेठेतली पिशवी म्हणजे त्याच पोशाखाची स्वस्त नक्कल आहे. ती जपानवरून आलेली नाही, अमेरिकेच्या मंचावरून आलेली आहे. म्हणून ‘रेफरन्स’ दाखवताना तो कुणाच्या डोळ्यांनी काढलेला आहे हे आधी बघावं.

आशियातलं एकमेकांचं घेतलेलं आपोआप नीट असतं असंही नाही. ब्लॅकपिंक या कोरियन पॉप गटाच्या २०२०च्या ‘हाऊ यू लाइक दॅट’मध्ये कोरियन हानबोक नव्या बेताने शिवून वापरला आणि जगभरातल्या मुलींनी त्याची चौकशी केली. त्याच व्हिडिओत सोनेरी सिंहासनाशेजारी गणपतीची मूर्ती थेट जमिनीवर, शोभेच्या वस्तूसारखी ठेवलेली होती. भारतातल्या चाहत्यांनी हरकत घेतल्यावर ती व्हिडिओतून काढून टाकली. पाटाशिवाय मूर्ती टेकवणं आपल्या घरातल्या लहान मुलालाही चुकल्यासारखं वाटतं. तिथल्या कला-दिग्दर्शकाला ते माहीत असण्याचं कारण नव्हतं, पण विचारण्याचं कारण नक्की होतं.

याचा अर्थ दुसऱ्याचा पोशाख घालूच नये असा मी अजिबात काढत नाही. जपानमधल्या क्योतो शहरात पर्यटकांना किमोनो भाड्याने देऊन, नेसवून, फिरायला पाठवणारी दुकानं गल्लोगल्ली आहेत आणि तिथल्या लोकांना त्यात आनंद आहे. २०१९ मध्ये किम कार्दाशियन या अमेरिकन टीव्ही तारकेने आतल्या कपड्यांच्या ब्रँडला ‘किमोनो’ नाव दिलं तेव्हा त्याच क्योतोच्या महापौरांनी पत्र लिहून विरोध केला आणि तिला नाव बदलावं लागलं. एकाच शहराच्या या दोन वागण्यांत विरोध नाही. नेसायला या, पण नीट नेसा, आणि नाव आमचंच राहू द्या, एवढंच ते म्हणणं. क्योतोच्या दुकानात कपड्याबरोबर नेसवणारी बाई मिळते. सदाशिव पेठेत नऊवारीबरोबर ती मिळते, किमोनोबरोबर नाही.

मग करायचं काय? ‘जपानी सेट’ घेऊ नका, युकाता शिवून घ्या. हे ऐकायला खर्चिक वाटतं, पण तसं नाही. युकाता म्हणजे उन्हाळ्यातला सुती, बिनअस्तराचा किमोनो. त्याच्या आत जुबान, म्हणजे आतून घालायचा वेगळा झगा, लागत नाही, ओबी, म्हणजे कमरेचा पट्टा, तीही अर्ध्या रुंदीची चालते, आणि जपानमध्ये उत्सवात, आतषबाजीला तरुण मुलंमुली तोच घालतात, म्हणून गाण्याच्या व्हिडिओत तो खोटा दिसत नाही. जपानी किमोनोचं कापड साधारण १२ मीटर लांब आणि ३६-३७ सेंटिमीटर रुंद पट्टीत विणलेलं असतं, आणि सगळे तुकडे सरळ आयताकृती कापले जातात. गोलाई नाही, टक्स नाहीत. आपल्याकडचा ४४ इंची पन्ना उभा तीन भागांत कापला तर प्रत्येक पट्टी ३७ सेंटिमीटरची होते. म्हणजे लक्ष्मी रोडवरून साडेचार मीटर सुती कापड आणलं की सव्वापाच फूट उंचीच्या मुलीचा युकाता निघतो. पहिल्या दोन पट्ट्यांत अंगाचे दोन भाग, पुढून खांद्यावरून मागे अखंड, आणि उरलेल्यात एकेक बाही. तिसरी पट्टी मधोमध उभी चिरायची. एका अर्ध्यात पुढे एकावर एक येणाऱ्या दोन जोडपट्ट्या, दुसऱ्यात गळपट्टी. कापण्याआधी कापड रात्रभर पाण्यात घालून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात उंची जाते. निळ्यावर पांढरी किंवा पांढऱ्यावर निळी छपाई सगळ्यात जुनी आणि कॅमेऱ्यालाही सोपी. पॉलिस्टर साटीनवर एलईडी दिव्याचे पांढरे पट्टे उठतात आणि एडिटिंगमध्ये ते घालवता येत नाहीत.

शिंप्याला दोन गोष्टी बजावून सांगाव्या लागतात. एक, लांबी घोट्यापर्यंत नको, डोक्याएवढी हवी. शिंपी हमखास ती ‘दुरुस्त’ करून घोट्यापर्यंत आणतो, आणि मग सगळंच फसतं, कारण बायकांच्या किमोनोत जास्तीचं कापड कमरेशी दुमडून घेतात, त्या घडीला ओहाशोरी म्हणतात. घडी नसलेला किमोनो नेसलेला दिसत नाही, गाऊन दिसतो. दोन, बाहीच्या खाली, काखेशी, अंगाची शिवण थोडी उघडी ठेवायची. शिंप्याला ते राहून गेलेलं वाटतं. नेसताना हात तिथूनच आत जातो.

नेसण्याची पद्धत आता नीट बघू, कारण बहुतेक चुका इथे होतात. पाठीची मधली शिवण कण्यावर आणा. दोन्ही कड धरून कापड वर उचला, खालची कड घोट्याशी आली की थांबा. डावी बाजू आधी नुसती अंदाजासाठी पुढे आणून बघा, ती उजव्या कुशीपर्यंत पोचली पाहिजे, मग उघडा. आता उजवी बाजू आत घ्या, तिचं टोक चार बोटं वर उचला, म्हणजे चालताना खालून लोंबत नाही. तिच्यावर डावी बाजू आणा. कमरेच्या हाडाच्या थोडं वर पहिली दोरी बांधा. ही दोरी म्हणजे परकराची नाडी नव्हे, ती काचते. दोन इंच रुंद, दोन-सव्वादोन मीटर लांब अशी साध्या सुती कापडाची पट्टी घ्या. साटीनची घेतली तर तासाभरात सुटते. मग काखेच्या फटींतून दोन्ही हात आत घालून दुमडलेलं कापड पुढे-मागे खाली ओढून सपाट करा. गळपट्टी मानेमागे मूठभर मोकळी सोडा, पुढे गळ्याच्या खळगीशी जुळवा. छातीखाली दुसरी दोरी. त्यावर ओबीचे दोन वेढे. अर्ध्या रुंदीची ओबी साधारण १५-१७ सेंटिमीटर रुंद आणि साडेतीन ते चार मीटर लांब असते. ओबीखाली दुमडलेल्या घडीची बोटभर पट्टी दिसली पाहिजे. फुलाची गाठ पुढे बांधायला हरकत नाही, पण बांधून झाल्यावर ती फिरवून पाठीवर न्यायची, आणि फिरवायची उजवीकडूनच. डावीकडून फिरवली की वरची डावी बाजू सुटते आणि गळा उघडा पडतो.

पुरुषांना ही घडी नाही. त्यांचा किमोनो घोट्यापर्यंतच शिवतात, गळा मानेला चिकटून राहतो, आणि ओबी पोटाखाली कमरेवर बसते. पुरुषाला बायकांसारखी उंच ओबी बांधली की जाणकाराला ते लगेच कळतं.

डावी बाजू वर, हे कधीच चुकवू नये. उजवी वर नेसवतात ती अंत्यविधीला, मृत माणसाला. प्रेमगीतात नायिका तशी आली तर जपानी माणसाला काय दिसत असेल, याचा विचार करा. सोयीची बाब ही, की कोरियन हानबोक आणि जुना चिनी हानफू यांनाही नेसणाऱ्याची डावी बाजूच वर लागते, तेव्हा एक नियम लक्षात ठेवला की तीन ठिकाणी उपयोगी पडतो. तयार गाठीबद्दल मात्र उगाच कडक होऊ नये. जपानमध्येही तयार बांधलेली ओबी मिळते, आपल्या शिवलेल्या नऊवारीसारखीच, आणि ती कुणी खोटी मानत नाही. खटकतं ते गाठ पुढे ठेवणं. पुढे बांधलेली मोठी ओबी पाहिली की जुन्या जपानमधल्या, एदो काळातल्या ओइरान, म्हणजे वेश्यावस्तीतल्या नामांकित गणिका, आठवतात. गाण्याला तेच म्हणायचं नसेल तर गाठ मागेच हवी. पांढरा चेहराही तसाच. तो गेइशांचा आणि माइकोंचा, म्हणजे शिकाऊ गेइशांचा, व्यावसायिक रंग आहे, आणि त्यात मानेमागे कातडीचा काही भाग मुद्दाम न रंगवता सोडतात. पुढून पांढरी पावडर फासली आणि मान सावळी राहिली, याला मेकअप म्हणत नाहीत. न लावलेलाच बरा. डोळे ओढून बारीक दिसावेत म्हणून कानशिलाला टेप लावण्याची ‘ट्रिक’ कुणी सुचवली तर तिथेच थांबवा. तो पोशाखाचा भाग नाही, माणसाच्या चेहऱ्याची टिंगल आहे, आणि ईशान्येकडून पुण्यात शिकायला आलेल्या मुलामुलींना ती टिंगल रस्त्यावर रोज सोसावी लागते.

दुकानातल्या बाकीच्या पिशव्यांबद्दल थोडक्यात. छीपाओ त्यातल्या त्यात बरा मिळतो, फक्त गाठीची बटणं खरोखर लागतात का ते बघा आणि उघडण नेसणाऱ्याच्या उजव्या कुशीला आहे याची खात्री करा. व्हिएतनामचा आव झाय लांब अंगरखा म्हणून देतात आणि त्याची विजार पिशवीतच नसते. कमरेपर्यंत चिरलेला तो पोशाख विजारीशिवाय घालणं म्हणजे सलवारीशिवाय कमीज घालण्यासारखं आहे. केसी मस्ग्रेव्ह्स या अमेरिकन गायिकेने २०१९ मध्ये तो तसाच मंचावर घातला आणि व्हिएतनामी लोकांनी नाराजी बोलून दाखवली. विजार मागून घ्या. दुकानात पांढरा पलाझो असतो, तो चालतो. हानबोकचा घागरा कमरेला बांधून देतात, तो छातीवर बांधायचा असतो, आणि वरच्या आखूड जाकिटाची गाठ एकाच कडीची, आपल्या बुटाच्या लेसची नव्हे.

‘नॉर्थ-ईस्ट’ नावाची पिशवी मात्र घेऊच नका. आसामची मेखेला-चादर, नागा शाल आणि पिसांचा मुकुट एकत्र कोंबलेला असतो. नागा शाली म्हणजे नुसतं कापड नव्हे. आओ नागांची त्सुंगकोटेप्सु शाल पूर्वी पराक्रमाने किंवा मोठा यज्ञभोज घालून मान मिळवलेल्या पुरुषालाच पांघरता येई. ती नाचणाऱ्या मुलीच्या कमरेला गुंडाळलेली बघवत नाही. पिसं खरी धनेशाची निघाली तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तो गुन्हाच आहे, तेव्हा प्लास्टिकची आहेत ना, एवढं विचारूनही भागत नाही. मुकुटाचीच गरज आहे का, ते विचारा.

आणि बुद्धाचं मस्तक. ‘झेन लूक’ म्हणून फायबरचं, मान कापलेलं बुद्धाचं डोकं मोफत दिलं जातं, आणि व्हिडिओत ते हुक्क्याशेजारी, टेबलाखाली, नाचणाऱ्याच्या पायाशी येतं. थायलंडमध्ये तर डोकं हा शरीराचा पवित्र भाग आणि पाय सगळ्यात हीन. तिथे हे दृश्य सरळ अपमान आहे. पण त्यासाठी थायलंडपर्यंत कशाला जायचं? १९५६ नंतर या महाराष्ट्रात लाखो घरांत बुद्धाची प्रतिमा भिंतीवर, फुलं वाहून ठेवलेली आहे. तुमच्याच लाइटमनच्या, स्पॉटबॉयच्या घरी असेल. मस्तक परत द्या.

जागेबद्दल एक. पुण्यात जपानी वातावरण हवं म्हणून सगळे सिंहगड रोडच्या पु. ल. देशपांडे उद्यानाकडे वळतात, आणि ते योग्यच आहे. जपानमधल्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन या १७०० साली पूर्ण झालेल्या बागेवरून ते बेतलेलं आहे, दोन शहरांच्या मैत्रीची बाग म्हणून. उद्यान महापालिकेचं, त्यामुळे कॅमेरा नेण्याआधी परवानगीची विचारणा करा. एवढी खरी जागा असताना तिथे लाल चिनी कंदील टांगू नका, त्यात ड्रॅगनचा झगा आणू नका. पाण्याजवळच्या दगडांवर झोरी, म्हणजे सपाट चपला, घसरतात. चालीचा शॉट कोरड्या वाटेवर घ्या. पावलं लहान पडली पाहिजेत. लांब टांग टाकली की पुढची बाजू उघडते आणि तीन टेकनंतर पुन्हा नेसवायला वीस मिनिटं जातात.

इतकं नीट नेसवून शेवटी घात होतो तो एडिटिंगच्या टेबलावर. नायिका उजवीकडे बघायला हवी म्हणून एडिटर शॉट आडवा उलटवतो, आरशासारखा, आणि त्या एका क्लिकमध्ये डावी बाजू आत जाते, उजवी वर येते: नेसलेली मुलगी प्रेत होते. भिंतीवरची जपानी अक्षरंही उलटतात. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढलेल्या रीलमध्ये हे न ठरवताही घडतं, कारण काही फोन आरशातली प्रतिमा तशीच साठवतात. सेटिंगमध्ये ते आधी बंद करा. नऊवारीलाही हाच धोका आहे, नथ उजव्या नाकपुडीत गेली की मराठी प्रेक्षक पहिल्या सेकंदाला ओरडतो. म्हणून तपासायची सोपी पद्धत अशी: एडिटरला सांगा, जपानी पोशाखाचा एकही शॉट फ्लिप करायचा नाही. करावाच लागला तर प्रत्येक कट थांबवून गळ्याकडे बघा. प्रेक्षकाला कापडाच्या कडा इंग्रजी छोट्या ‘वाय’सारख्या (y) दिसल्या पाहिजेत, खालची शेपटी आपल्या डाव्या हाताकडे वळलेली.

आवाजाचंही तेच. कीबोर्डवर ‘कोतो’ दाबायचं आणि पडद्यावर छीपाओ दाखवायचा हे जुळत नाही. कोतो जपानची, १३ तारांची. चीनचं गुझेंग वेगळं, बहुतेक २१ तारांचं, आणि त्याचा ओघळता सूर कानाला लगेच वेगळा लागतो. सुरुवातीला घंटेचा ‘ढँग’ घालण्याची सवय तर सोडूनच द्यावी.

नेसवायला आणि शेवटी एकदा नजर टाकायला माणूस शोधणं पुण्यात अवघड नाही. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, टिळक महाराष्ट्र विद्यापीठात वर्षानुवर्षं जपानी शिकवली जाते. शिकलेल्यांपैकी कितीतरी जण जपानमध्ये राहून आलेले असतात. त्यांना शूटिंगच्या दिवशी मानधन देऊन बोलवा आणि नाव श्रेयनामावलीत द्या. ज्याच्या पोशाखावर व्हिडिओ उभा आहे, त्या देशातली किंवा तो देश जाणणारी एकही व्यक्ती सेटवर नसणं, बहुतेक चुकांची सुरुवात तिथे होते.

दुकानाचा व्यवहार चोख आहे, तेही सांगायला हवं. डिपॉझिट घेतात, पावती देतात, ट्रायलला वेळ देतात, वस्तू मोजून देतात आणि मोजून घेतात. डिसेंबर-जानेवारीत गॅदरिंगची गर्दी असते, त्या दिवसांत ट्रायल घाईत होते आणि पिशव्या एकमेकींत मिसळतात. जमलं तर शूटिंग पावसाळ्यानंतर लगेच किंवा फेब्रुवारीत ठेवा. साटीनला गरम इस्त्री लावू नका, वितळून चकाकी उठते आणि डिपॉझिट जातं. टोप घेतल्यास आत सुती पट्टी बांधा. आणि दुकानदारांना तुमचं ऐकायचं असतं, हे लक्षात ठेवा. नऊवारीच्या बाबतीत त्यांना जे कळतं ते शंभर गिऱ्हाइकांनी विचारल्यामुळे, रागावल्यामुळे, परत आणून दाखवल्यामुळे कळलं. जपानीबद्दल आजवर कुणी विचारलंच नाही.

स्वतः शिवलेला युकाता शूटिंगनंतर कपाटात पडून राहणार असेल तर याच दुकानाला भाड्याने द्यायला देऊन टाका. ते आनंदाने घेतात. शिवणींवरच घडी घाला, कुठेही नवी चुणी पडू देऊ नका. दोऱ्या मोजून दोन, ओबी गुंडाळून. आणि गळपट्टीच्या आतल्या बाजूला, दुकानाचं नाव जिथे मार्करने लिहितात तिथेच, एक पांढरी कापडी चिठ्ठी शिवा. तिच्यावर ठळक अक्षरांत एवढंच लिहा: ‘डावी वर. गाठ मागे.’